क्लेसी कमिन्स

क्लेसी लाइल कमिन्स (२७ डिसेंबर, १८८८, हेन्री काउंटी, इंडियाना, अमेरिका - १७ ऑगस्ट, १९६८, सॉसालिटो, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन संशोधक, यंत्रज्ञ आणि उद्योजक होते. कमिन्स इंजिन कंपनीचे ते संस्थापक होत. जहाजे, खाणी आणि वीजघरे यांपुरते मर्यादित असलेले अवजड डिझेल इंजिन ट्रक, बस आणि मोटारगाडी यांत बसवून रस्त्यावर आणण्याचे श्रेय अमेरिकेत प्रामुख्याने त्यांना दिले जाते. डिझेल इंजिन मंद आणि ओबडधोबड असते हा समज खोटा ठरविण्यासाठी त्यांनी इंजिनाला थेट शर्यतीच्या मैदानात उतरविले आणि पेट्रोलवर धावणाऱ्या शर्यतीच्या मोटारींसमोर उभे केले. त्यांच्या नावावर ३३ अमेरिकन पेटंटे आहेत. लांब उतारावर अवजड ट्रकचा वेग आवरणारा इंजिन-ब्रेक हा त्यांचा उत्तरायुष्यातील महत्त्वाचा शोध मानला जातो.

पार्श्वभूमी

जर्मन अभियंते रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे आपले पहिले यशस्वी इंजिन चालवून दाखविले. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटविले जाते. डिझेल इंजिनात ठिणगीची सोय नसते. सिलिंडरमधील दट्ट्या हवा इतक्या जोराने दाबतो की ती अतिशय तापते, आणि त्या तप्त हवेत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. या पद्धतीमुळे त्याच कामासाठी इंधन कमी लागते, शिवाय ते इंधन स्वस्त असते. तथापि एवढा दाब सहन करण्यासाठी इंजिनाचे सांगाडे जाड ओतीव लोखंडाचे करावे लागत. इंधन फवारण्यासाठी स्वतंत्र हवादाबयंत्रही जोडावे लागे. परिणामी सुरुवातीची डिझेल इंजिने अनेक टन वजनाची होती आणि त्यांचे फेरे अत्यंत संथ असत. अशा इंजिनावर रस्त्यावरचे वाहन चालू शकेल, असे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत फारच थोड्या लोकांना वाटत होते.

बालपण आणि शिक्षण

कमिन्स यांचा जन्म इंडियाना राज्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण आठवीपर्यंतच झाले. अभियांत्रिकीचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्यांना मिळाले नाही. यंत्रांची ओढ मात्र लहानपणापासून होती. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी स्वतः कोरलेल्या साच्यांत लोखंडाचा रस ओतून एक लहानसे वाफेचे इंजिन तयार केले, आणि ते इंजिन शेतावर पाणी उपसण्याच्या कामी आले. ओतकाम, कातकाम आणि जुळणी ही कामे त्यांनी पुस्तकांतून न शिकता कारखान्यांत उमेदवारी करून आत्मसात केली. एखादे यंत्र का चालत नाही, हे हाताने उघडून पाहिल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. हीच सवय पुढे त्यांच्या संशोधनाची पद्धत बनली.

अर्विन कुटुंबाशी संबंध

१९०८ मध्ये इंडियानातील कोलंबस या गावी विल्यम ग्लँटन अर्विन या सधन बँकमालकाने कमिन्स यांना आपल्या मोटारीचे चालक आणि यंत्रज्ञ म्हणून कामावर ठेवले. त्या काळी मोटार ही नवलाईची वस्तू होती आणि ती वारंवार बिघडत असे. त्यामुळे मोटार चालविणाऱ्याला ती दुरुस्तही करता यावी लागे. मालक आणि चालक अशा या नात्याचे हळूहळू परस्पर विश्वासात रूपांतर झाले. अर्विन यांनी आपल्या तरुण चालकातील कर्तबगारी ओळखून त्याला स्वतःचे यंत्रदुरुस्तीचे दुकान काढण्यास जागा व साहाय्य दिले.

याच काळात कमिन्स यांचा मोटार-शर्यतींशी पहिला संबंध आला. १९११ मध्ये इंडियानापोलिस येथे ५०० मैलांची पहिली शर्यत भरली. ती रे हॅरून यांनी मार्मन कंपनीच्या वास्प या मोटारीतून जिंकली. त्या मोटारीची देखभाल करणाऱ्या चमूत कमिन्स यांनी काम केले होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत निव्वळ वेगाइतकेच महत्त्व कमी वेळा थांबण्याला असते, ही गोष्ट तेथे पाहावयास मिळाली. वीस वर्षांनंतर त्याच मैदानावर तिचा त्यांना उपयोग झाला.

कमिन्स इंजिन कंपनीची स्थापना

३ फेब्रुवारी, १९१९ रोजी अर्विन यांच्या भांडवलावर कोलंबस येथे कमिन्स इंजिन कंपनीची स्थापना झाली. ब्रॉन्स या डच अभियंत्याच्या मूळ कल्पनेवर आधारलेल्या आणि अमेरिकेत ह्विड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीची लहान तेल-इंजिने बनविण्याचा परवाना कंपनीने घेतला. ही इंजिने शेतीकामासाठी होती. टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स रोबक या मोठ्या व्यापारी कंपनीने हजारो इंजिनांची मागणी नोंदविली, तेव्हा नव्या कारखान्याचे भवितव्य उज्ज्वल दिसू लागले.

प्रत्यक्षात हा व्यवहार कंपनीच्या अंगाशी आला. पसंत न पडल्यास माल परत घेऊन पैसे देण्याची हमी विक्रेत्याने ग्राहकांना दिली होती. अनेक शेतकऱ्यांनी हंगामभर इंजिन वापरून काम संपताच ते परत केले. इंजिनांतही काही उणिवा होत्या. परत आलेल्या इंजिनांचे ढीग साचले, तोटा वाढत गेला आणि अखेर हा करार संपुष्टात आला.

या अपयशानंतर कमिन्स यांनी ह्विड पद्धत सोडून दिली आणि इंधन फवारण्याची स्वतःची पद्धत विकसित करण्यास सुरुवात केली. प्रत्येक सिलिंडरला नेमक्या क्षणी, नेमके मोजलेले आणि बारीक तुषारांच्या रूपातले इंधन पोहोचविणे हा डिझेल इंजिनाच्या रचनेतील सर्वांत कठीण भाग होता. हे साधले तरच इंजिन हलके करता येणार होते आणि त्याचे फेरे वाढविता येणार होते. १९२० च्या दशकात कंपनीने बोटी आणि बांधकामाची यंत्रे यांसाठी इंजिने बनविली, परंतु नफा मात्र झाला नाही. दहा वर्षे अर्विन आपल्या खिशातून पैसे घालत राहिले.

१९२९ चा नाताळ

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यू यॉर्कचा शेअर बाजार कोसळला. बोटींच्या इंजिनांना असलेली मागणी जवळजवळ थांबली. दहा वर्षांत एकदाही नफा न दिलेली कंपनी बंद करण्याचा विचार अर्विन कुटुंबात सुरू झाला. कमिन्स यांच्या दृष्टीने प्रश्न केवळ नोकरीचा नव्हता. कंपनी बंद पडली असती, तर मोटारीत डिझेल बसविण्याची कल्पना सिद्ध होण्यापूर्वीच तिचा शेवट झाला असता.

त्यांनी एक जुनी पॅकार्ड मोटार मिळविली, तिचे पेट्रोल इंजिन काढले आणि त्या जागी बोटीसाठी बनविलेले मॉडेल यू हे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बसविले. इंजिन मूळ जागेपेक्षा मोठे असल्याने त्यासाठी बरीच जुळवाजुळव करावी लागली. १९२९ च्या नाताळच्या दिवशी त्यांनी अर्विन यांना या मोटारीतून फिरवून आणले. अमेरिकेत डिझेल इंजिनावर चाललेली ही पहिली मोटारगाडी मानली जाते. या फेरफटक्यानंतर अर्विन यांनी कंपनी बंद करण्याचा विचार सोडून दिला आणि तिच्यात आणखी भांडवल घातले.

जानेवारी १९३० मध्ये कमिन्स हीच मोटार घेऊन इंडियानाहून न्यू यॉर्कच्या मोटार प्रदर्शनाकडे निघाले. सुमारे ७९२ मैलांच्या (१,२७५ किमी) या प्रवासात इंधनाचा एकूण खर्च १ डॉलर ३८ सेंट इतकाच झाला. प्रदर्शनात या मोटारीला अधिकृत जागा मिळाली नाही, म्हणून त्यांनी जवळच जागा भाड्याने घेऊन ती लोकांना दाखविली. मंदीने गांजलेल्या काळात वृत्तपत्रांना या आकड्याचे विशेष अप्रूप वाटले आणि बातमी देशभर पसरली.

शर्यती आणि विक्रम

मोटार चालते हे सिद्ध झाले, तरी ती वेगाने धावू शकते यावर लोकांचा विश्वास नव्हता. कंपनीजवळ जाहिरातीसाठी पैसाही नव्हता. अशा स्थितीत विक्रम हीच सर्वांत स्वस्त जाहिरात ठरेल, असे कमिन्स यांनी ठरविले. १९३० मध्ये फ्लोरिडातील डेटोना येथील समुद्रकिनाऱ्याच्या कठीण वाळूवर त्यांच्या डिझेल मोटारीने ताशी ८० मैलांहून अधिक वेग गाठला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३१ मध्ये, ड्यूसेनबर्ग कंपनीच्या सांगाड्यावर बसविलेल्या डिझेल इंजिनाने त्याच ठिकाणी ताशी १०० मैलांची (सुमारे १६१ किमी) मर्यादा ओलांडली.

इंडियानापोलिस, १९३१

३० मे, १९३१ रोजी झालेल्या इंडियानापोलिस ५०० या शर्यतीत कमिन्स यांनी हीच मोटार उतरविली. त्या वेळी हे मैदान पहिल्या महायुद्धातील प्रसिद्ध वैमानिक एडी रिकनबॅकर यांच्या मालकीचे होते. डिझेल मोटारीला विशेष सवलत म्हणून प्रवेश देण्यात आला, परंतु तिने ताशी किमान ८० मैल वेगाने पात्रता फेरी पूर्ण केली पाहिजे, अशी अट होती. मोटारीने पात्रता फेरीत ताशी ९६.८७१ मैल वेग नोंदविला.

ही मोटार चालक डेव्ह इव्हान्स यांनी चालविली आणि थेन हाउझर हे त्यांच्यासोबत यंत्रज्ञ म्हणून बसले होते. इंजिन सुमारे ५.९ लिटर क्षमतेचे आणि ८५ अश्वशक्तीचे होते. शेजारून धावणाऱ्या पेट्रोल मोटारी हलक्या आणि अधिक वेगवान होत्या. मात्र इंधन, टायर व दुरुस्ती यांसाठी त्यांना थांबावे लागत होते आणि अनेकींची इंजिने मध्येच निकामी होत होती. कमिन्स यांची मोटार एकदाही न थांबता २०० फेऱ्या धावत राहिली. ५०० मैलांचे अंतर तिने ताशी सरासरी ८६.१०७ मैल वेगाने पूर्ण केले आणि तेरावा क्रमांक मिळविला. एकदाही न थांबता ही संपूर्ण शर्यत पूर्ण करणारी ती पहिली मोटार ठरली. या अंतरासाठी तिला सुमारे ३१ गॅलन, म्हणजे ११७ लिटरच्या आसपास, इंधन लागले.

क्रमांकाच्या दृष्टीने तेरावे स्थान सामान्य होते. परंतु मालवाहतूक करणाऱ्यांना त्यातून वेगळाच अर्थ उमगला. जे इंजिन सुमारे सहा तास अखंड पूर्ण ताकदीने धावू शकते, ते ट्रकमध्येही टिकेल, असा विश्वास त्यांना वाटू लागला.

ट्रकचा खंडपार प्रवास

त्याच वर्षी कमिन्स यांनी आपले इंजिन बसविलेला इंडियाना बनावटीचा एक ट्रक न्यू यॉर्कहून लॉस एंजेलिसला नेला. डेव्ह इव्हान्स आणि फोर्ड मोयर हे त्यांचे सहकारी होते. ३,२१४ मैलांच्या (सुमारे ५,१७० किमी) या प्रवासात इंधनाचा खर्च ११ डॉलर २२ सेंट आला. पेट्रोलवरील ट्रकला याच अंतरासाठी याच्या कितीतरी पट खर्च आला असता. यानंतर इंडियानापोलिसच्या मैदानावर एका ट्रकने न थांबता सुमारे १४,६०० मैल धावून सहनशक्तीचा विक्रम केला.

कॅलिफोर्नियातील कॅहोन घाट उतरताना या खंडपार प्रवासात एक जीवघेणा प्रसंग ओढवला. लांबलचक उतारावर सतत दाबून ठेवल्यामुळे ट्रकचे ब्रेक तापले आणि निकामी झाले. अवजड ट्रक अनावर वेगाने खाली धावू लागला. पायथ्याशी रस्ता रेल्वेमार्गाला छेदत होता आणि त्याच वेळी एक मालगाडी तेथून जात होती. ट्रकमधील तिघेही थोडक्यात बचावले. पेट्रोल इंजिनात चालकाने पाय उचलला की इंजिन स्वतःच वाहनाला काही प्रमाणात मागे खेचते. डिझेल इंजिनात हवेची वाट मोकळी असल्यामुळे हा रोध फारच कमी असतो. आपल्याच इंजिनाची ही उणीव कमिन्स यांना त्या उतारावर प्रकर्षाने जाणवली. तिच्यावरचा उपाय सापडण्यास पुढे सुमारे पंचवीस वर्षे लागली.

१९३४ ची शर्यत

१९३४ मध्ये कंपनीने इंडियानापोलिस येथे दोन डिझेल मोटारी उतरविल्या. एकीत द्विघाती आणि दुसरीत चतुर्घाती इंजिन होते. कोणती रचना अधिक चांगली, याचा निकाल शर्यतीतच लावावा, असा हेतू होता. चतुर्घाती इंजिनाची मोटार यंत्रबिघाडामुळे मध्येच बाद झाली. स्टबी स्टबलफिल्ड यांनी चालविलेली द्विघाती मोटार बाराव्या क्रमांकावर आली, परंतु तिचे इंजिन शर्यतीअखेर इतके खराब झाले होते की, कमिन्स यांनी द्विघाती इंजिनाचा नाद कायमचा सोडून दिला. ते इंजिन त्यांनी कोलंबस येथील नदीत फेकून दिले, अशी आख्यायिका सांगितली जाते. बाद झालेल्या मोटारीची रचना योग्य आणि शर्यत पूर्ण केलेल्या मोटारीची रचना अयोग्य, हा त्यांचा निष्कर्ष वरवर विपरीत वाटतो. मात्र पुढील काळात कंपनीने चतुर्घाती इंजिनांच्याच बळावर नाव मिळविले.

उद्योगाची भरभराट

१९३३ मध्ये कंपनीने ट्रकसाठी मॉडेल एच हे इंजिन बाजारात आणले. त्याच वर्षी केनवर्थ या ट्रकनिर्मात्याने कारखान्यातूनच डिझेल इंजिन बसविलेले ट्रक देण्यास सुरुवात केली. अमेरिकेच्या पश्चिम भागात अंतरे मोठी आणि घाट उंच असल्याने तेथील वाहतूकदारांनी हे इंजिन प्रथम स्वीकारले. १९३४ मध्ये अर्विन यांचे नातेवाईक जे. अर्विन मिलर कंपनीच्या व्यवस्थापनात आले. स्थापनेनंतर तब्बल अठरा वर्षांनी, म्हणजे १९३७ मध्ये, कंपनीला पहिल्यांदा नफा झाला. १९४३ मध्ये विल्यम अर्विन यांचे निधन झाले. चालकावर ठेवलेला त्यांचा विश्वास सार्थ ठरल्याचे त्यांना पाहावयास मिळाले होते.

दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या वाहतुकीमुळे डिझेल इंजिनांची मागणी वाढली. युद्धानंतर अमेरिकेत महामार्गांचे जाळे विस्तारले आणि लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीत डिझेल ट्रकचे प्राबल्य निर्माण झाले. कंपनीचा कारभार उत्तरोत्तर मिलर यांच्या हाती गेला. प्रयोगशाळेत आणि कार्यशाळेत रमणारे कमिन्स व्यवस्थापनापासून दूर होत गेले आणि १९५५ च्या सुमारास निवृत्त होऊन कॅलिफोर्नियात स्थायिक झाले.

१९५२ ची पोल पोझिशन

१९५० आणि १९५२ या वर्षी कंपनी पुन्हा इंडियानापोलिसच्या शर्यतीत उतरली. या वेळी प्रत्यक्ष काम क्लेसी यांचे बंधू डॉन कमिन्स आणि कंपनीचे अभियंते यांनी केले. १९५२ च्या मोटारीचा सांगाडा फ्रँक कर्टिस यांनी बांधला होता. तिच्यातील ६.६ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन ट्रकच्या इंजिनावरूनच तयार केलेले होते. उंची कमी व्हावी म्हणून ते आडवे बसविले होते आणि त्याला टर्बोचार्जर जोडला होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारे हे साधन या शर्यतीत प्रथमच वापरले गेले. डिझेल मोटारींना पेट्रोल मोटारींपेक्षा मोठ्या क्षमतेचे इंजिन वापरण्याची मुभा नियमांनी दिलेली होती, हेही लक्षात घ्यावे लागते.

चालक फ्रेड अगाबाशियन यांनी पात्रता फेरीत चार फेऱ्यांसाठी ताशी सरासरी १३८.०१० मैल (सुमारे २२२ किमी) वेग नोंदवून नवा उच्चांक केला आणि पोल पोझिशन मिळविली. त्या वर्षीच्या ३३ मोटारींत इटलीच्या अल्बेर्तो अस्कारी यांची फेरारीही होती. ट्रकच्या इंजिनावर बेतलेल्या अवजड मोटारीने शर्यतीच्या सुरुवातीच्या रांगेत पहिले स्थान मिळविणे ही खळबळजनक घटना ठरली. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र टर्बोचार्जरकडे हवा नेणारी वाट धावपट्टीवरील टायरच्या रबराच्या कणांनी तुंबली आणि ७१ फेऱ्यांनंतर मोटार बाद झाली. शर्यत ट्रॉय रटमन यांनी जिंकली. डिझेल मोटारीने या शर्यतीत पोल पोझिशन मिळविल्याचा हा एकमेव प्रसंग आहे.

इंजिन-ब्रेकचा शोध

निवृत्तीनंतर कमिन्स यांनी कॅहोन घाटातील जुन्या प्रश्नाकडे पुन्हा लक्ष वळविले. इंजिनात दट्ट्या हवा दाबतो तेव्हा शक्ती खर्च होते, परंतु दाबलेली हवा प्रसरण पावताना दट्ट्याला परत ढकलते आणि खर्च झालेली बहुतेक शक्ती इंजिनाला परत मिळते. हवा पूर्ण दाबली गेल्यावर नेमक्या त्याच क्षणी बाहेरची झडप उघडली, तर दाब निघून जाईल आणि शक्ती परत मिळणार नाही. अशा वेळी इंजिन वाहनाला पुढे ढकलण्याऐवजी हवा दाबणाऱ्या पंपासारखे वागून वाहनाचा वेग रोखील, असा त्यांचा विचार होता.

अडचण होती ती योग्य क्षण साधण्याची. कमिन्स इंजिनात इंधन फवारणारी यंत्रणा चालविणारी हालचाल जवळजवळ त्याच क्षणी होते, हे त्यांच्या लक्षात आले. तेलाच्या दाबाच्या साहाय्याने हीच हालचाल त्यांनी बाहेरच्या झडपेपर्यंत पोहोचविली. त्यामुळे मूळ इंजिनात मोठे बदल न करता वरून एक जोड बसविणे पुरेसे ठरले. ट्रकची इंजिने बनविणाऱ्या कंपन्यांनी सुरुवातीला या कल्पनेत रस दाखविला नाही. अखेर ड्रिल यंत्राचे चक बनविणाऱ्या जेकब्ज कंपनीने तिचे उत्पादन हाती घेतले आणि १९६१ मध्ये हा ब्रेक बाजारात आला. जेक ब्रेक या नावाने तो पुढे जगभर प्रसिद्ध झाला. घाटातून उतरणाऱ्या अवजड ट्रकचे चाकांचे ब्रेक त्यामुळे थंड राहतात आणि गरजेच्या वेळी उपयोगी पडतात. हा ब्रेक लावताच होणारा कडकडाटी आवाज मात्र वस्तीजवळ त्रासदायक ठरतो. त्यामुळे अमेरिकेतील अनेक गावांच्या वेशीवर त्याचा वापर करू नये, अशा सूचनांचे फलक आढळतात.

लेखन आणि मृत्यू

माय डेज विथ द डिझेल हे कमिन्स यांचे आत्मचरित्र १९६७ मध्ये प्रकाशित झाले. पुढच्या वर्षी १७ ऑगस्ट, १९६८ रोजी वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र लाइल कमिन्स यांनी अंतर्ज्वलन इंजिनाच्या इतिहासावर अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिले असून त्यांत वडिलांच्या चरित्राचाही समावेश आहे.

भारताशी संबंध

१९६२ मध्ये किर्लोस्कर उद्योगसमूह आणि कमिन्स कंपनी यांच्या सहकार्याने पुण्यात किर्लोस्कर कमिन्स या कंपनीची स्थापना झाली. तिचा कारखाना कोथरूड येथे उभारण्यात आला. पुढे ही कंपनी कमिन्स इंडिया या नावाने ओळखली जाऊ लागली. ट्रक, बांधकामाची यंत्रे आणि वीजजनित्रे यांसाठी लागणारी डिझेल इंजिने येथे तयार होतात. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये पुण्यातील कर्वेनगर येथे मुलींसाठी सुरू केलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही कमिन्स हेच नाव आहे. केवळ आठवीपर्यंत शिकलेल्या यंत्रज्ञाचे नाव अशा रीतीने महाराष्ट्रातील उच्च तंत्रशिक्षणाशी जोडले गेले आहे.

डिझेल पिकअपच्या शर्यती

कमिन्स यांच्या मृत्यूनंतर सुमारे दोन दशकांनी त्यांच्या नावाचे इंजिन पुन्हा शर्यतीशी जोडले गेले. १९८९ पासून डॉज कंपनीने आपल्या पिकअप ट्रकमध्ये सहा सिलिंडरचे ५.९ लिटरचे कमिन्स डिझेल इंजिन देण्यास सुरुवात केली. त्याची क्षमता १९३१ च्या शर्यतीतील इंजिनाएवढीच होती, हा एक योगायोग होय. मूळ इंजिन १६० अश्वशक्तीचे होते आणि ते शेतकरी व वाहतूकदार यांच्यासाठी, जड ओझे ओढण्याच्या दृष्टीने बनविलेले होते. परंतु त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इतका भक्कम होता की, ते मूळ ताकदीच्या कितीतरी पट जोर सहन करू शकते, हे हौशी यंत्रज्ञांच्या लवकरच लक्षात आले.

पेट्रोल इंजिनात हवेचा दाब फार वाढविला, तर मिश्रण अवेळी पेटून इंजिनाची हानी होते. डिझेल इंजिनात इंधन ऐनवेळी फवारले जात असल्यामुळे ही मर्यादा तशी जाणवत नाही. जास्त हवा आणि जास्त इंधन दिले की जास्त जोर मिळतो. म्हणून मोठे टर्बोचार्जर, किंवा एकापुढे एक जोडलेले दोन टर्बोचार्जर, जास्त इंधन देणारे पंप आणि मोठ्या छिद्रांचे फवारे बसवून काही पिकअप एक हजारांहून अधिक अश्वशक्तीचे करण्यात आले. पाव मैल (४०२ मीटर) अंतराच्या सरळ शर्यतीत, म्हणजे ड्रॅग रेसमध्ये, असे अडीच-तीन टनांचे पिकअप नामांकित स्पोर्ट्स मोटारींसमोर उभे केले जातात. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच प्रचंड पिळजोर देते, आणि चारही चाकांना शक्ती मिळत असल्यास वाहन जागेवरून झपाट्याने सुटते. त्यामुळे सुरुवातीच्या अंतरात हलक्या मोटारीही कधी कधी मागे पडतात.

या छंदाची दुसरी बाजूही आहे. हवेच्या मानाने जास्त इंधन दिल्यास ते पूर्ण जळत नाही आणि काळ्या धुराचे लोट बाहेर पडतात. रस्त्यावरील वाहनांची प्रदूषण रोखणारी साधने काढून टाकणे अमेरिकेच्या हवा स्वच्छता कायद्यानुसार बेकायदा असून तेथील पर्यावरण संरक्षण यंत्रणेने अशी साधने विकणाऱ्यांवर कारवाई केली आहे.

मूल्यमापन

क्लेसी कमिन्स यांनी डिझेल इंजिनाचा शोध लावला नाही. त्या इंजिनाला रस्त्यावर आणणारे जगातील ते एकटेच नव्हते. त्यांच्याच काळात जर्मनीतही डिझेल ट्रक तयार होत होते. मात्र पेट्रोल मुबलक आणि स्वस्त असलेल्या अमेरिकेत डिझेलला ग्राहक मिळवून देणे हे काम अधिक अवघड होते, आणि ते त्यांनी जवळपास एकहाती सुरू केले. १९३१ मध्ये त्यांची मोटार जिंकण्यासाठी धावली नव्हती. कमी इंधनात, न थांबता आणि न बिघडता मुक्कामाला पोहोचता येते, हे तिला दाखवावयाचे होते. आजच्या डिझेल पिकअपच्या शर्यतींत इंधन आणि टिकाऊपणा यांना दुय्यम स्थान असते. ही तफावत लक्षात घेतली, तरी अवजड कामासाठी बनलेले इंजिन वेगवान मोटारींच्या रांगेत उभे करण्याची कल्पना मुळात त्यांनीच रुजविली, असे म्हणता येते. ज्या इंजिनाने त्यांना कॅहोन घाटात मृत्यूच्या दारात नेले, त्याच इंजिनाला उतारावर स्वतःला आवरण्याची क्षमता त्यांनी उतारवयात मिळवून दिली. जगभरातील घाटरस्त्यांवरील असंख्य ट्रकचालकांच्या सुरक्षिततेत या कामाचा वाटा आहे.